पत्र्याचे ढग

ती. ताईच्या पायांशी धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच, पण मनाने पार जमिनीपर्यंत वाकलो आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरीणबाईंनी दिलेला पट्टा लावतेस, की तो नवाकोरा राहावा म्हणून कपाटात घडी करून ठेवला आहेस? झोप लागते का? आमच्याकडे सगळं ठीक. हिची तब्येत उत्तम आहे आणि माझ्यावर चिडण्याची ताकद दिवसेंदिवस वाढते आहे, त्यावरून डॉक्टरकडे जायची गरज नाही हे कळतं. खरं तर हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर मी जरा मुद्द्याच्या आसपास आलो की तू "थांब, दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवतेस. एकट्या बाईच्या घरी दिवसातून इतक्या वेळा दूध तापतं तरी कशाला, हे मला पडलेलं कोडं आहे. पत्राचं बरं असतं. ते हातात आलं की माणूस शेवटपर्यंत वाचतोच, दूध उतू गेलं तरी.

आधीच सांगून टाकतो, हे पत्र तुला आग्रह करण्यासाठी मुळीच नाही. तू तुझ्या नर्स मैत्रिणीबरोबर जाऊन ती वृद्धांची संस्था बघून आलीस, तिथे सगळीकडे सपाट फरशी आहे, एकही पायरी नाही, चहाला घंटा होते, आणि महिनाअखेर त्यांना हो की नाही ते कळवायचं आहे, हे सगळं तू कळवलंस ते पोचलं. आमच्याकडे राहायला का येणार नाहीस तेही पोचलं. मागच्या खोलीतून अंगणात उतरायला पायऱ्या आहेत आणि बाजूला धरायला काही नाही. "पायरी उतरायला ज्या घरात दुसऱ्याचा हात धरावा लागतो, तिथे मी पाहुणी म्हणून येईन, राहायला नाही," असं गेल्या खेपेला तू म्हणालीस, तेही माझा हात धरून पायरी उतरताना. मी वर आभाळाकडे बघत राहिलो. तुला वाटलं असेल, हा नेहमीसारखा तंद्रीत आहे. लहानपणापासून तू मला तंद्रीभाऊ म्हणत आलीस, त्याचा एक फायदा झाला, ऐकू आलेलं न ऐकल्यासारखं करता येतं आणि कोणाला संशय येत नाही. पण ते मी ऐकलं होतं आणि मला ते लागलंही होतं. त्याच क्षणी ठरवलं, या पायऱ्यांना कठडा होणार आणि तो मी स्वतःच्या हाताने करणार.

आता तू हसशील. तू म्हणजे कोण? भावोजींच्या ग्रिलच्या दुकानात ते पुढे बसून मापं लिहून घ्यायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, आणि मागे पडद्याआड मास्क लावून वेल्डिंग करायचीस तू. गिऱ्हाइकं भावोजींना शाबासकी देऊन जायची आणि भावोजी ती घ्यायचेही. आणि मी म्हणजे कोण? जन्मभर वेधशाळेच्या गच्चीवर उभं राहून आकाशात कुठला ढग आहे, किती आहे, कुठे चालला आहे, एवढं लिहून काढलेला माणूस. आकाशाकडे बघण्याचा पगार घेतला. घरात खिळा ठोकायचा झाला तरी ही मला बाहेर फिरायला पाठवते आणि स्वतः ठोकते. असा माणूस लोखंडाच्या वाटेला गेला कसा, तर त्याची हकिकत अशी.

मी दुकानात गेलो होतो तो बिजागरी आणायला. मोठं हार्डवेअरचं दुकान, आत नळाच्या तोट्यांपासून शिड्यांपर्यंत सगळं, आणि मागच्या बाजूला दुकानदार कोणा गिऱ्हाइकाला एक नवं यंत्र चालवून दाखवत होता. प्लाझ्मा कटर. आकाराने आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या थोरल्या भावाएवढं, वर उचलायला कडी, पुढे एक नळी आणि नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ, तिला टॉर्च म्हणतात. (टॉर्च म्हटल्यावर मी आपली बॅटरी शोधत होतो.) त्याने काळा चष्मा लावला, मलाही दिला, टॉर्चचं टोक पत्र्यावर टेकवलं आणि खटका दाबला. ताई, काय सांगू! निळसर जांभळा असा एक उजेडाचा काटा निघाला, सूऽऽ असा लांबलचक आवाज झाला आणि तो जाड पत्रा असा दुभंगत गेला की कापला जातोय हे त्या पत्र्याच्याही लक्षात आलं नसावं. विजेच्या कडाडण्यात जे असतं तेच हे, असं मला वाटलं. जन्मभर मी ते लांबून लिहून काढलं आणि इथे एक माणूस ते मुठीत धरून उभा होता. दुकानदार म्हणाला की हे सगळ्यात लहान, नवशिक्यांचं मशीन आहे, घरच्या प्लगवर चालतं, कोणालाही जमतं. खोक्यावर एका हसऱ्या माणसाचं चित्रही होतं. मी घरी आलो तेव्हा माझ्या हातात ते खोकं होतं आणि बिजागरी दुकानातच राहिली होती. ते दार अजून एकाच बिजागरीवर लोंबतं आहे.

मागच्या अंगणातली पत्र्याची शेड तुला माहीत आहे. जुन्या सायकली, रंगाचे डबे आणि माझी दुपारच्या झोपेची लोखंडी खाट जिथे असते ती. तिलाच मी कारखाना म्हणू लागलो. (ही अजून अडगळच म्हणते.) पहिल्या दुपारी खोकं उघडलं, तारा जोडल्या, खटका दाबला, काही नाही. मग माहितीपत्रक उघडलं, तेव्हा कळलं की यंत्राला विजेइतकीच दाबलेली हवाही लागते. ती हवा विजेने तापून तिचाच तो निळा काटा होतो. म्हणजे मी जो पत्रा कापणार होतो तो हवेनेच! हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी तसाच अर्धा तास बसून राहिलो. आयुष्यभर जिच्याकडे नुसतं बघितलं तीच हवा म्हातारपणी हाताशी काम करायला आली. मग पुन्हा दुकानात जाऊन कॉम्प्रेसर आणला. तोही सगळ्यात लहान. (दोन्हींची किंमत विचारू नकोस, हिने विचारून झाली आहे.)

कॉम्प्रेसर आला, वायरमन येऊन जाडी तार टाकून गेला, कारण पहिल्यांदा बटण दाबल्यावर घरातले सगळे दिवे एकदम म्हातारे झाले होते आणि फ्रिजने उचकी दिली होती. तरीही काटा काही निघेना. अर्थिंगचा चिमटा मी व्यवस्थित खाटेला लावला होता, खाटेवर पत्रा ठेवला होता, सगळं माहितीपत्रकाप्रमाणे. मी यंत्राशी समजुतीच्या सुरात बोलून पाहिलं. थोडा रागावूनही पाहिलं. शेवटी ही चहा घेऊन आली, नुसती बघत उभी राहिली आणि म्हणाली, वन्सं दुकानात आधी रंग खरवडायच्या आणि मग चिमटा लावायच्या. खाटेला मीच मागच्या वर्षी हिरवा तेलरंग दिला होता, तोही दोन हात! वीज बिचारी जाणार कुठून? चिमटा उघड्या पत्र्याला लावला, खटका दाबला, आणि आमच्या शेडमध्ये वीज उतरली. ही दोन पावलं मागे सरकली, पण गेली नाही. तुझ्या दुकानात ती लग्नानंतर चारदोनदाच आली असेल, तेवढ्यात तिने हे टिपून ठेवलं होतं आणि मी तिथे तासन्‌तास बसूनही मला भावोजींच्या गप्पा तेवढ्या आठवतात.

आता कंबरेचं. हा जो काटा असतो तो पत्र्याखाली थांबत नाही, तो तसाच चार बोटं पुढे जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (माहितीपत्रकात होतं, पण चित्राशिवाय.) मी खाटेवर पत्रा ठेवून सरळ रेषांचा भरपूर सराव केला. पत्रा उचलून बाजूला ठेवला, हातमोजे काढले, समाधानाने खाटेवर चादर पसरली आणि रोजच्या सवयीने आडवा झालो. खाटेच्या पट्ट्या मधोमध कापल्या गेल्या होत्या. त्यांनी एवढा वेळ सगळं नुसतं अंगावर सोसलं होतं. मी मध्ये दुमडलो, डोकं आणि पाय वर, बाकीचा ऐवज जमिनीवर, पाकिटात घातलेल्या पत्रासारखा. गंमत म्हणजे मला लगेच उठावंसं वाटलं नाही. शेडच्या छपराला एक भोक आहे, त्यातून ऊन येत होतं, त्यात धूळ हळूहळू तरंगत होती, आणि मी तिच्याकडे बघत तसाच पडून राहिलो. हिने येऊन हाताला धरून ओढलं तेव्हाच कंबर बोलली. आता कापायला विटांवर लोखंडी पट्ट्या आडव्या टाकल्या आहेत, आणि दुपारी मी जमिनीवर सतरंजी टाकून झोपतो.

काम मात्र सुरू राहिलं. पण सरळ रेषा काही साधेना. काळ्या काचेतून खडूची रेघ दिसतच नाही, दिसतो तो एकटा निळा ठिपका आणि भोवती हिरवट पाणी. तळ्याच्या तळाशी बसून कोणी काजवा घेऊन चाललं आहे असं वाटतं. माझ्यासारख्या माणसाला असलं काही दाखवलं की रेघ कुठे जाणार हे काय सांगायला हवं? शिवाय हात फार सावकाश नेला की लोखंड वितळून कडेला गोळे धरतात आणि घाई केली तर काटा आरपार जात नाही, ठिणग्या उलट्या अंगावर येतात. माझ्या पायजम्याची चाळण झाली आहे. मी दोन्ही करायचो, तंद्री लागली की सावकाश आणि तंद्री मोडली की घाई. शेवटी हिने उपाय काढला. ती शेडच्या दारात स्टूल टाकून बसली आणि गुणगुणू लागली. कसलं गाणं होतं कोणास ठाऊक, शब्द तिलाही येत नव्हते. पण त्या चालीवर माझा हात एकसारखा सरकू लागला आणि कड स्वच्छ निघू लागली. मध्येच ती गॅस बंद करायला आत गेली तिथे एक मोठा गोळा आहे, तो मी घासून काढलेला नाही.

आणि मग मी सरळ रेषेचा नादच सोडला. तुला आठवतं, तू म्हणाली होतीस, जन्मभर लोकांच्या खिडक्यांना गज लावले, आता म्हातारपणी डोळ्यांसमोर गज नकोत. मला एकदम सुचलं की कठड्यात गज कशाला हवेत? ढग घालू. ढग मला पाठ आहेत. शिवाय ढगाची चूक कोणाला कळते? रेघ बाहेर गेली, ढग मोठा. आत आली, ढग लहान. हात थरथरला तर तो जास्तच खरा दिसतो. मी पत्र्यावर खडूने ढग काढले, कापसासारखे गोल, पिसासारखे लांब, खवल्याखवल्यांचे, आणि पोट फुगलेले काळे, ज्यांची नोंद करताना आम्ही सगळे कागद आवरायचो. एक ढग पुरा झाला की तो पत्र्यातून सुटतो आणि खाली पडून टणकन वाजतो. तो आवाज ऐकला की ही आतून विचारते, कुठला? मी सांगतो. आता तिलाही नावं यायला लागली आहेत.

कॉम्प्रेसर लहान असल्यामुळे एक ढग एका दमात होत नाही हे सांगायचं राहिलं. अर्ध्यावर हवा संपते, यंत्र गप्प होतं, मग कॉम्प्रेसर घरघरत टाकी भरत बसतो. तोवर मी उलट्या बादलीवर बसून असतो. काम थोडं आणि बसणं फार, असा हा धंदा आहे आणि तो मला तंतोतंत मानवतो. समोर अर्धा ढग पत्र्यात अडकलेला, अर्धा सुटलेला, शेजारच्या घरात कोणीतरी पाट्यावर काहीतरी वाटतंय, कुंपणावर मांजर डोळे मिटून बसलेलं, आणि कॉम्प्रेसरची घरघर ऐकता ऐकता दुपार हळूहळू कुठेतरी वाहून जाते. मी कुठे असतो ते मला सांगता येणार नाही. काम संपलं की टाकीखालचा खटका उघडून आत साठलेलं पाणी सोडायचं असतं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, म्हणजे तो पाऊसच झाला! इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पावसाची मोजदाद केली, आता माझ्या शेडमध्ये माझा स्वतःचा पाऊस पडतो. जेमतेम वाटीभर, पण पडतो. मी तो हिच्या कुंडीत नेऊन ओततो. गंजाचं पाणी म्हणून ती ओरडते.

एका संध्याकाळी मी ढग काढून झालेला पत्रा शेडच्या दारात उभा करून ठेवला, नुसता वाटेतून बाजूला म्हणून. ऊन उतरलं होतं, ते समोरून आलं, आणि ढगांच्या रिकाम्या जागांतून आत मागच्या भिंतीवर पडलं. ताई, भिंतीवर उजेडाचे ढग! सायकलींवर, रंगाच्या डब्यांवर, कोळ्याच्या जाळ्यावर, सगळीकडे. आणि ऊन खाली जाईल तसे ते वर सरकायला लागले, अगदी खऱ्यासारखे, सावकाश, कोणाचीही पर्वा न करता. मी हिला हाक मारली. ती कपबशा घेऊन आली आणि आम्ही दोघं त्या मोडक्या खाटेच्या कडेवर बसलो. (कड शाबूत आहे.) एक पिसासारखा ढग तिच्या खांद्यावरून गेला, मग कानावरून, मग केसांतून वर गेला. चहा गार झाला. भिंत अंधारली तरी आम्ही तसेच बसलो होतो. शेवटी ती म्हणाली, वन्सं असत्या तर त्यांनी काय म्हटलं असतं? मी म्हणालो, आधी कडा घासा. ती हसली. पण मला खरोखर त्या वेळी तू तिथे हवी होतीस. इतकं साधं आहे ते, उगाच दुसऱ्या शब्दांत सांगत बसत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जी मी इतका वेळ टाळत होतो. गवंड्याने पायऱ्यांच्या कडेला उभे पाइप सिमेंटमध्ये पक्के बसवून दिले. वर हात टेकायला आडवा पाइप मी मापाने कापून ठेवला. ढग झाले. सगळं अंगणात मांडून पाहिलं, उभे पाइप, आडवा पाइप, मध्ये ढग, सुरेख दिसत होतं. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. ही म्हणाली, आता हे एकमेकांना धरणार कशाने? मी तिच्याकडे बघितलं. मग यंत्राकडे बघितलं. मग आत जाऊन माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मागचं पान उलटंसुद्धा करून पाहिलं. शेवटी दुकानदाराला फोन लावला की जोडायचं बटण कुठलं? तो म्हणाला, काका, हे कापायचं मशीन आहे. नावातच आहे. जोडायचं मशीन वेगळं येतं.

तू हसून घे, मी थांबतो.

झालं? तर मुद्दा असा की मला कठडा करायचा होता आणि मी एवढा खटाटोप करून तोडणारं यंत्र घेऊन आलो. ग्रिलवालीचा भाऊ असून! तारेने बांधून पाहिलं. लांबून छान दिसत होतं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर कौतुकाने बघायला आले, मजबूत आहे का म्हणून त्यांनी त्यावर हात टेकला, आणि सगळे ढग टणटणत पायऱ्यांवरून खाली गेले, त्यांच्या मागोमाग हेडमास्तर. लागलं काही नाही, पण ते आता कुंपणापलीकडूनच बोलतात. कोपऱ्यावरचा वेल्डर आहे, त्याला विचारलं असतं, पण त्याच्याकडे शाळेच्या फाटकाचं भलं मोठं काम आलंय, बिचाऱ्याला मान वर करायला वेळ नाही. त्यामुळे सध्या ते उभे पाइप अंगणात नुसते उभे आहेत आणि ही त्यांच्यावर टॉवेल वाळत घालते. तुला पायरी उतरताना कोणाचा हात धरावा लागू नये म्हणून मी हे सगळं सुरू केलं, आणि आता तुझा हात लागल्याशिवाय ते उभं राहायचं नाही, असं होऊन बसलंय. मी हे आग्रह म्हणून लिहीत नाही. अडचण म्हणून लिहितो.

संस्थेला काय कळवायचं ते तू ठरव. तुझ्या नर्स मैत्रिणीला नमस्कार सांग. ती सपाट फरशी चांगलीच असेल, नाही असं मी म्हणत नाही, पण तिथे संध्याकाळी भिंतीवर काय पडतं याची चौकशी करून ठेव. गुडघ्याला पट्टा लाव. आशीर्वाद दे, आणि ते जमेल तितके लवकर पोचते कर.

तुझा,
तंद्रीभाऊ

ता. क. तीन मिलिमीटरच्या पत्र्याला वेल्डिंगची कांडी किती जाडीची लागते? नुसतं माहीत असावं म्हणून विचारतो.

ता. क. (दुसरा) तुझं वेल्डिंग मशीन अजून पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेलं असेल, तर ते काही दिवस पाठव. येत्या शनिवारी ओळखीचा एक टेम्पो सहज तुझ्या बाजूने येणार आहे, त्यात टाकून दे. मशीन जड आहे, रस्ता खडबडीत आहे, त्याच्याबरोबर कोणीतरी समजूतदार माणूस बसलेलं बरं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट रिकामी आहे. मास्कही घेऊन ये, म्हणजे पाठव. तो तुझ्याशिवाय कोणाच्या डोक्याला नीट बसत नाही.

ता. क. (तिसरा) वर मी आग्रह नाही असं दोनदा लिहिलंय, ते खोडायला खोडरबर सापडत नाही. आहे आग्रह.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी लिहिते. यांना दाखवणार नाही. कोपऱ्यावरचा वेल्डर अजिबात कामात नाही. शाळेला फाटकच नाही. तो स्वतःहून दोनदा मशीन घेऊन दारात आला होता. पहिल्यांदा यांनी त्याला चहा देऊन परत पाठवलं, दुसऱ्यांदा चहासुद्धा दिला नाही. आमच्या घरचा वेल्डर यायचाय, असं सांगितलं. टेम्पोही सहज वगैरे येत नाहीये, सांगून ठेवलाय, आणि तुमचं कपाट, पलंग, शिलाईचं मशीन सगळं बसेल एवढा मोठा आहे. मागची खोली मी झाडूनपुसून ठेवली आहे. यांचं सोडा, मलाच तुम्ही इथे हव्या आहात. दिवसभर हे इथे असून नसल्यासारखे, मी बोलायचं कोणाशी? आणि एक सांगते. कठड्याला लागणारे ढग केव्हाच कापून झाले. पण तुम्ही त्या संस्थेचं कळवलंत तेव्हापासून हे रोज दुपारी आणखी कापतच बसलेत. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. थांबा म्हटलं की म्हणतात, ताई हो म्हणाली की थांबतो. पत्रा संपत आलाय. लवकर या.